पुढच्या चाकांची मेख

"फोर-व्हीलचा दिवा लागतो, पण गाडी चढत नाही," असं म्हणत लेकीने जीपची किल्ली मिस्त्रीबाईच्या हातात दिली.

जीप तिच्या वडिलांची. म्हातारा टेकडीवर मधमाश्यांच्या पेट्या सांभाळत एकटाच राहायचा. घराकडे जाणारा शेवटचा चढ म्हणजे नुसती माती आणि सुटे दगड. चारही चाकांनी जोर लावला तरच गाडी वर जायची. दीड महिना झाला, मागची चाकं जागच्या जागी गरगरत होती आणि जीप घसरत खाली येत होती. मग वडिलांचा फोन, लेकीची पिकअप, दोर आणि ओढाओढ.

"आणि अडकते तीही नेमकी सुट्टीच्या दिवशी," लेक वैतागून म्हणाली. "आठवडाभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मान वर करायला फुरसत नाही, आणि रविवारी हे."

वडील बाकावर बसले होते, टोपी मांडीवर ठेवून.

मिस्त्रीबाईने बाह्या सारल्या. बावीस वर्षांत तिच्या हाताखालून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी दुसऱ्या गॅरेजात गेली नव्हती, आणि हे तीच सगळ्यांना सांगायची. तिचं म्हणणं साधं होतं. गाडी खोटं बोलत नाही. बोलतात ती माणसं.

आधी तिने अंगणातल्या सिमेंटवर फोर-व्हील टाकून, स्टिअरिंग पूर्ण वळवून जीप गोल फिरवली. फोर-व्हील खरंच लागलं असेल तर कडक जमिनीवर गाडी वळताना अडखळते, टायर कुरकुरतात. ही मात्र गरीब गाईसारखी निमूट वळली.

"लागलेलंच नाही," तिने खिडकीतून जाहीर केलं. "दिवा नुसता शोभेचा."

मग तिने जीप जॅकने उचलून चार लोखंडी घोड्यांवर टेकवली. चारही चाकं अधांतरी झाल्यावर लेकीला आत बसवलं, पहिला गिअर टाकायला लावला आणि खाली वाकून बॅटरीचा उजेड मारला. मागची चाकं फिरली. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडाही फिरला. पुढची चाकं मात्र ढिम्म. म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत होता. दांडा आणि चाकं यांची जोडणीच होत नव्हती. या गाडीत ती जोडणी हवेच्या ओढीने होते, आणि ती ओढ इंजिनाकडून एका रबरी नळीतून पुढे जाते.

तिने बॉनेट उघडलं, तशी लेक जवळ आली आणि तिने आवाज खाली आणला. हे दुरुस्त झालं नाही तर बाबांना वर राहता येईल का, असं तिने विचारलं. मिस्त्रीबाईने स्पष्ट सांगितलं, नाही. माती ओली झाली की तो चढ कुणाच्या बापाचा नाही.

"मग त्यांना माझ्याकडे यावंच लागेल," लेक म्हणाली. तिने त्यांच्यासाठी खोली रंगवूनही ठेवली होती. दोन वर्षं ती सांगत होती आणि ते ऐकत नव्हते. सोनारानेच कान टोचलेले बरे, तेव्हा तुम्हीच त्यांना सांगा, असंही तिने सुचवलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत फाटकापर्यंत गेली.

मिस्त्रीबाईने नळी सोडवली आणि तोंडाला लावून ओढून पाहिली. हवा येईना. बोटांनी चाचपत गेली तर टोकापासून चार बोटांवर काहीतरी कडक लागलं. दाबून दाबून तिने ते बाहेर काढलं.

लाकडाची मेख. काडीएवढी लांब, दोन्ही टोकांना गोल तासलेली, नळीत अशी बेमालूम बसवलेली की बाहेरून पत्ता लागू नये. नळी जुनी, काळी पडलेली. मेख पांढरीशुभ्र, ताजी.

हे आपोआप आत गेलेलं नव्हतं. ती टायरांच्या थप्पीवर टेकली. कुंपणानेच शेत खायचं म्हणजे कमाल झाली. त्या चढाच्या एका अंगाला खोल घळ होती, हे तिला ठाऊक होतं. मागे घसरताना एखाद्या रविवारी म्हातारा जीपसकट तिच्यात गेला असता, मग ती रंगवलेली खोली कुणाच्या कामाची?

तिने नळी साफ करून पुन्हा जोडली आणि इंजिन चालू केलं. पुढची चाकं गुण्यागोविंदाने फिरू लागली. तिने इंजिन बंद केलं आणि बाकावर म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसली.

"झाली का?" त्याने विचारलं.

"झाली. पण काका, एक ऐका."

"माझी लेक फार धावते हो माझ्यासाठी," तो फाटकाकडे बघत म्हणाला. "हातातलं काम टाकून येते. आली की गाडी ओढते, मग हात धुऊन जेवायला बसते. पार दुपार जाते तिची."

गाडीचं दुखणं लपवायचं मिस्त्रीबाईला कधी जमलं नव्हतं. तिने तळहात उघडला.

"गाडीत बिघाड नव्हताच. ही मेख कुणीतरी मुद्दाम मारून ठेवली होती. मी कुणाचं नाव घेत नाही, पण तुमच्या गाडीला हात लावणारं माणूस घरचंच असणार."

म्हाताऱ्याने मेख उचलली आणि टोपीच्या काठाला पुसून स्वच्छ केली. लेक अजून फोनवरच होती.

"जरा हळू बोला," तो म्हणाला. "दोन तास खपून तासलीय मी ती. होती तिथे परत बसवून द्या. गाडी धड असली की पोर चार-चार महिने वर फिरकत नाही."