चहातली गोळी

लाकडी पायरी. चहाचा थर्मास. शिट्टी. चुरडलेली गोळी. डोंगरावर जायचं तर साठीपुढच्यांनी तंबूत शिट्टीच्या तालावर पायरीवर चढउतार करून नाडी दाखवायची, असा नियम. गेल्या वर्षी नाडी फार धावली म्हणून नवरा तोंड पाडून परतला होता. यंदा बायकोने नाडी मंदावणारी आपली रक्तदाबाची गोळी गुपचूप त्याच्या चहात घातली. “वा आजोबा, पास! दमा नाही ना?” डॉक्टरीण म्हणाली. “दमेकरी पास व्हायला रक्तदाबाच्या गोळ्या घेतात आणि मग छातीच आवळते.” “छे! पोटात हिच्या स्वयंपाकाशिवाय कुठलंच विष नाही,” नवरा हसला, खोकला. खोकला थांबेना. ओठ निळे पडू लागले. “दमा आहे! गोळी मीच दिली!” किंचाळत बायकोने दम्याच्या पंपासाठी त्याची सॅक उपडी केली. पंप डॉक्टरणीला दिसू नये म्हणून त्याने घरीच ठेवला होता.