शनिवारची फायनल

चेन्सूने बाल्कनीच्या लाकडी झडपा ओढून घेतल्या आणि भर दुपारी दिवाणखान्यात रात्र केली. खाली बंदरात क्रेन खडखडत होती. तिला काही गप्प बसवता येत नव्हतं.

"हे बघा," नव्या शेजारणीला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "जुझासमोर निकाल बोलायचा नाही. तिला वाटतं, युरोव्हिजनची गाण्यांची स्पर्धा आजच आहे."

शेजारणीने मान हलवली. जुझाने, म्हणजे त्याच्या बायकोने, थोड्या वेळापूर्वीच तिची ओळख करून दिली होती. ही सिल्वाना, वरच्या मजल्यावर राहायला आली आहे. पन्नाशीकडे झुकलेली, आखूड केसांची, शांत बाई. चेन्सूला ती आवडली. लोक अशा वेळी नाही नाही ते विचारत बसतात, हिने एका शब्दाने विचारलं नाही.

मग त्यानेच सांगितलं. जुझाचा विसराळूपणा वाढत गेला, तेव्हा दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टर बोलत असताना बिचारी जुझा रडत होती, हाच आपला तिला धीर देत होता. जुनी गाणी लावत जा, आवडतं ते करत जा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून दर शनिवारी तो एका जुन्या फायनलची ही व्हिडिओ कॅसेट लावायचा. त्या वर्षी माल्टाकडून त्यांची रोमिना गायली होती.

"तुमची मुलगी?" सिल्वानाने विचारलं.

"एकुलती एक," चेन्सू म्हणाला आणि टीव्हीशी खटपट करू लागला. पडद्यावर नुसत्या रेघा नाचत होत्या. सिल्वानाने वाकून मशीनच्या मागे काहीतरी दाबलं आणि चित्र लख्ख झालं. आताच्या बायकांना यंत्रांतलं बरंच कळतं, असं त्याच्या मनात आलं.

जुझा गरम पास्तिझ्झींचं, चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्यांचं, ताट घेऊन आली. कानात ठेवणीतल्या कुड्या होत्या.

"रोमिना कितवी आहे रे?" तिने विचारलं.

चेन्सूने सिल्वानाकडे बघून डोळे मिचकावले. बघितलंत ना, असा त्याचा भाव होता. "बराच वेळ आहे अजून. तू बस."

एकेका देशाची गाणी होऊ लागली, तसा चेन्सूही खुलत गेला. तेव्हा या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, तो सांगत होता. गल्लीत ज्यांच्याकडे रंगीत टीव्ही नव्हता ते सगळे इथे यायचे. जो तो आपल्या हाताने गुण मांडायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना पैकीच्या पैकी बारा गुण देणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं, तरी ते दिले की सगळे मिळून शिव्या घालायचे. माल्टाचं नाव आलं की पाद्रीबाबासुद्धा खुर्चीवर उभे राहायचे.

सिल्वाना हसली. "आणि खुर्ची मोडली होती."

"हो, मोडली होती!" चेन्सू खूश झाला. जुझाने तिला बरंच काही सांगितलेलं दिसत होतं.

मग पांढऱ्या झग्यातली रोमिना पडद्यावर आली. तो झगा जुझाने याच खोलीत बसून शिवला होता. पहिल्या ओळीला तिचा आवाज किंचित कापला, दुसरीला सावरला आणि मग ती मुलगी अशी गायली की चेन्सूच्या अंगावर काटा आला. दर वेळी यायचा. शेजारीण ओठांतल्या ओठांत गुणगुणत होती, पण ती वरचा सूर धरत नव्हती. त्याच्याखालचा, साथीचा सूर धरत होती.

"तुम्ही गाता?" त्याने विचारलं.

"पूर्वी गायचे."

गुण सुरू झाले. ज्या देशाकडून कसलीच आशा नव्हती त्याने माल्टाला बारा दिले, तेव्हा चेन्सूने टाळ्या पिटल्या आणि नकळत शेजारणीचा हात घट्ट धरला. तिने तो सोडवून घेतला नाही. अखेर पहिला नंबर थोडक्यात हुकला. तरी रोमिना परतली तेव्हा विमानतळावर बँड क्लबचे सगळे वादक हजर होते, आणि रोमिनाला खांद्यावर घेऊन ते इथपर्यंत आले होते, हे त्याने सांगितलं.

"आता कुठे असते ती?" सिल्वानाने खाली बघत विचारलं.

"मेलबर्नला. लग्न करून गेली. आधी दर रविवारी फोन यायचा. गेलं वर्षभर तोही नाही. रागावली असेल कशावरून तरी. काय चुकलं, तेच मला आठवत नाही."

जुझा उठून रिकामं ताट स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"तुझे वडील आहेत का गं?" चेन्सूने विचारलं. आपण तिला अगंतुगं करू लागलो, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"आहेत."

"जातेस का त्यांना भेटायला?"

"दर शनिवारी, काका."

"जात जा. म्हातारी माणसं तोंडाने बोलत नाहीत. वाट बघतात."

निघताना ती वाकली आणि तिने त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. शेजारीण मायाळू आहे, चेन्सूला वाटलं. जुझाला चांगली सोबत झाली. त्याने झडपा उघडल्या, उन्हात खुर्ची ओढली आणि बसल्या बसल्याच त्याचा डोळा लागला.

जुझा तिला पोचवायला जिन्यापर्यंत गेली. दार अलगद ओढून घेऊन तिने आपल्या रुमालाने त्या बाईचे डोळे पुसले.

"पुढच्या शनिवारीही ये, रोमिना," ती म्हणाली. "बाबांशी तुझी परत ओळख करून देईन."