पट्टा

"शिवी दे," नोएलीन म्हणाली आणि गाडीच्या खिडकीतून आत वाकून तिने नातीच्या खांद्यावरचा पट्टा ओढायला हातात धरला.

टियानाने लगेच एक सणसणीत शिवी हासडली.

नोएलीन थबकली. शिवी आधी आली होती, ओढ नंतर.

गावाबाहेरच्या या शर्यतींच्या मातीच्या ट्रॅकवर नोएलीनचा उभा जन्म गेला होता. गाड्यांवर आकडे रंगवले, वाकलेले पत्रे ठोकले, दारावर तिकिटं फाडली. पण तिचं खरं काम पट्टे आवळण्याचं. बापाचे आवळले, नवऱ्याचे आवळले, मुलाचे आवळले. धडक देऊन समोरच्याला भिंतीवर घालायचं, हाच इथला खेळ. पट्टा जरा सैल राहिला की आतला माणूस गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्यावर आपटलाच म्हणून समजा. तिची पद्धत साधी होती. माणूस कळवळून शिवी देईपर्यंत सोडायचं नाही. चांगले दांडगे गडी शर्यतीआधी तिच्याकडे येत, तिला शिव्या घालत आणि वर तिचेच आभार मानून जात.

आता सांधे सुजले होते, बोटं वाकडी झाली होती. सकाळी जॅमच्या बाटलीचं झाकणसुद्धा निघालं नव्हतं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नातीला मात्र कळलं असावं.

"बसला गं आजी. श्वाससुद्धा घेता येत नाहीये," टियाना हेल्मेटमधून म्हणाली.

नोएलीनने पट्ट्याखाली हात सारला. चारही बोटं आरामात आत गेली.

"खोटारडे! बापावर गेलीयस. तोही माझं मन राखायला असाच..."

पुढचं तिच्याने बोलवेना. तिचा मुलगा हेमी गेला तेव्हा ही पोर रांगत होती. त्या शनिवारीही हेमीने पट्टा ओढल्याबरोबर शिवी दिली होती आणि दोघं हसले होते. तिच्या अंगठ्यात कळ यायला तेव्हाच सुरुवात झाली होती. शिवी खरी होती की आईला बरं वाटावं म्हणून दिलेली? थोड्याच वेळात दुसऱ्या वळणावर हेमीची गाडी भिंतीवर गेली. धडक क्रेगची होती, हेमीच्या लहानपणापासूनच्या दोस्ताची. नियमातली धडक. कुणी त्याला बोल लावला नाही, नोएलीननेही नाही. तिने फक्त त्याच्याशी बोलणं टाकलं. क्रेग पुन्हा शर्यतीत उतरला नाही. मोडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक तो चालवायचा आणि दर शनिवारी तिच्यापासून लांब, पार त्या टोकाला उभा करायचा. राग तिला त्याचा होता. पण तिची झोप उडवायचा तो पट्टा.

भोंग्यावरून गाड्यांना बोलावणं आलं. आजूबाजूला माणसं कमी नव्हती. पण पोरीला दुखेल म्हणून त्यांनी हात आखडला असता. हेमीनंतर क्रेग तरी आखडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"क्रेग!"

सगळे वळून बघायला लागले. क्रेगनेही मागे वळून पाहिलं, कुणा दुसऱ्याला हाक मारली असेल म्हणून.

"तुलाच म्हणतेय, बहिरटा. इकडे ये."

तो आला. टोपी काढून हातात धरली.

"पट्टा सैल आहे. माझ्या हातात आता जोर नाही." चारचौघांत हे सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, मी कसा..."

"नाचायला नाही बोलावलं तुला. ओढ."

क्रेगने खिडकीतून हात घातले. पट्टा धरून ओढला.

"अजून?"

"अजून."

त्याने पाय रोवून ओढलं. टियानाच्या तोंडून शिवी नाही, हुंकारही नाही. डोळ्यांत पाणी तेवढं आलं. नोएलीनने करंगळी घालून बघितली, ती शिरेना. तिने नातीच्या हेल्मेटवर एक थाप मारली.

"जा. आणि त्या वळणावर डोकं ठिकाणावर ठेव."

गाडी चिखल उडवत गेली. क्रेग आपल्या ट्रककडे निघाला होता.

"थांब जरा," नोएलीन म्हणाली. तारेच्या कुंपणापाशी दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. ती ट्रॅककडेच बघत होती. "हेमीला बाहेर तू काढलंस ना? सगळ्यांच्या आधी तू पोचलास म्हणतात."

"हो, मावशी. बकल अडकलं होतं. पट्टा कापावा लागला."

एवढी वर्षं हा माणूस दर शनिवारी इथेच होता. विचारायचं म्हणजे आधी त्याच्याशी बोलावं लागलं असतं. तिला ते जमलं नव्हतं, आणि विचारलंच तर तो काय सांगेल याची धास्तीही होती.

"घट्ट होता का रे?"

हिरवा झेंडा पडला. सगळी इंजिनं एकदम गरजली. क्रेग खाली वाकला आणि तिच्या कानाशी म्हणाला,

"सुरी सरकवायला जागा नव्हती, मावशी."