आत्याचा मान

पाळणा सजला होता, पण बाळाच्या कानात नाव सांगायला आत्याच नव्हती. मुकुंदची धाकटी बहीण नलू कॅन्सरने गेली होती आणि घराण्यातून उतरलेला तोच जनुकदोष त्याच्या लेकीतही निघाला होता. पण जाण्याआधी नलूने आपली गाठ संशोधनाला दिली होती. त्या पेशींपासून बनवलेली लस घेऊन, हल्लीच्या रिवाजाप्रमाणे, नर्सबाई बारशालाच आल्या होत्या.

"आता हिला त्या आजाराची भीती नाही," त्या म्हणाल्या.

मुकुंदने लसीची कुपी मागून घेतली, लेकीच्या कानाशी धरली आणि बहिणीच्या वतीने हळूच म्हणाला, "रेवा."

तोच त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा बसला. मागे आई डोळे पुसत उभी होती.

"नाव सांगितलं की आत्याला धपाटा घालायचाच असतो," ती म्हणाली. "हा नलूला पोचू दे."