पलंगाखालच्या टाइल्स

खोकं जड होतं. निशिकांतांनी ते पलंगाखालून पायानेच ओढून काढलं, वाकायला कंबर तयार नव्हती म्हणून. सुलेखाबाई खाली मार्केटात कोथिंबीर आणायला गेल्या होत्या. निदान त्या तसं म्हणाल्या होत्या. हल्ली बायकोच्या कुठल्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा, हाच त्यांना प्रश्न पडला होता.

खोक्यात अमेरिकन वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चिनीमातीच्या टाइल्स होत्या. एकीवर निळा झुलता पूल. दुसरीवर मोठ्या चाकाची जुनी आगबोट. तिसरीवर टेकडीला बिलगलेली लाल विटांची घरं. शेजारी शेजारी मांडल्यावर नदी एकीतून दुसरीत सरळ वाहत गेली. कोपऱ्यात इंग्रजीत शहराचं नाव होतं, सिनसिनाटी, आणि त्याखाली बारीक अक्षरात अंकुर. काम सुबक होतं. तेही त्यांना आवडलं नाही.

अंकुर त्यांचा एकुलता एक मुलगा. अमेरिकेत एमएस केलं, सॉफ्टवेअरमधली चांगली नोकरी धरली, आणि ओहायो नदीकाठच्या त्या सिनसिनाटीत एक दिवस ती सोडून टाइल्स रंगवायला बसला. निशिकांत निवृत्त होईपर्यंत सिंगापूरच्या बँकेत टाय लावून गेलेले. ‘मातीत हात घालायला एवढं शिकवलं का तुला?’ असं त्यांनी फोनवर विचारलं. हे खूळ डोक्यातून जात नाही तोवर तुझ्या घरात पाऊल ठेवणार नाही, असंही ठणकावलं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. आईशी मात्र रोज सकाळी चालायचं, सिंगापुरातल्या हौगांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, आवाज बारीक करून.

आणि आता तर नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. गेल्या आठवड्यात सुलेखाबाईंनी ओट्यामागच्या फळीवरच्या सगळ्या बरण्या उतरवल्या. लोणचं, मुरांबा, गोडा मसाला, सगळं शेजारच्या ब्लॉकमधल्या मीनलकडे पोचवलं. मग फळीही काढली. भिंतीत खिळासुद्धा ठेवला नाही. एकदा त्या मोजायची टेप घेऊन उभ्या होत्या. निशिकांत आत येताच टेप खिशात गेली. बॅगा मोजत असणार, दुसरं काय? बाई स्वतःच्या हातचा गोडा मसाला घराबाहेर काढते म्हणजे ती स्वतःही निघालीच, एवढं कळायला काही बँकेत नोकरी केलेली असावी लागत नाही.

सरळ विचारता आलं असतं. पण घरातून निघणाऱ्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारू नये, काम फिसकटतं, अशी त्यांच्या आईची शिकवण. एरवी असल्या गोष्टींना हसणारे निशिकांत ही एकच गोष्ट कडक पाळत. खरं तर ते उत्तराला घाबरत होते. चहा त्यांना करता येत होता, भातही लावता आला असता. पण समोर सुलेखा नसताना तो गिळायचा कसा, हे त्यांना कळत नव्हतं.

म्हणून परवा त्यांनी एक उद्योग केला. कपाटातून बायकोचा पासपोर्ट काढला आणि आपल्या जुन्या ऑफिसच्या बॅगेत तळाशी सरकवला. अमेरिकेचा व्हिसा त्यातच होता. नंतर लाज वाटली. पण पासपोर्ट काही त्यांनी परत ठेवला नाही.

लिफ्टचा आवाज आला. त्यांनी टाइल्स घाईघाईने गुंडाळून खोकं पलंगाखाली ढकललं. सुलेखाबाई आल्या, कोथिंबीर फ्रिजमध्ये टाकली, कपडे बदलले आणि पर्स खांद्याला लावली.

“येते हं,” त्या म्हणाल्या.

निशिकांत दार अडवून उभे राहिले.

“कुठे चाललीस?”

सुलेखाबाई थबकल्या. हा शब्द दारात त्यांनी नवऱ्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“निघताना विचारू नये म्हणता ना तुम्ही?”

“मला माहितीये कुठे ते. खोकं बघितलं मी. अंकुर बोलावतोय आणि तू मला सोडून चाललीस.”

“बोलावतो की. रोज बोलावतो,” सुलेखाबाई म्हणाल्या. “पण आत्ता मी हार्डवेअरच्या दुकानात चाललेय. टाइल चिकटवायचं सिमेंट आणायला.”

“सिमेंट?”

“ओट्यामागच्या भिंतीला लावायच्यात त्या. मापं घेतली, अगदी बरोब्बर बसतात. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही आकांडतांडव केलं असतं. एकदा चिकटल्यावर काय उपटून काढणार होतात? आणि बरण्या परत येतील. धूळ उडेल म्हणून मीनलकडे ठेवल्यात.” त्यांनी चपला पायात सरकवल्या. “पासपोर्ट तुमच्या बॅगेत आहे, तेही ठाऊक आहे मला. राहू दे तिथेच. काही अडलेलं नाही माझं.”

निशिकांतांची मान खाली गेली. दारातून बाजूला व्हायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

“त्याने कशाला पाठवल्या पण?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“मी सांगितलं त्याला, बाबा येत नाहीत तोवर मीही यायची नाही. मग म्हणाला, ‘नको येऊस आई. तू दिवसभर जिथे उभी असतेस ना, तिथे मी माझं गाव पाठवतो.’”