खालचं नाव

बाईंनी फळ्यावरचे सगळे आकडे बाहीनेच पुसून टाकले. डस्टर शेजारी होतं, पण तेवढा धीर त्यांना कुठला! "हे नसलं तर काही अडतं का? नाही ना? मग कशाला ठेवायचं?" मागे उरली ती नुसती अक्षरं आणि ती एकमेकांशी कुठल्या नियमाने वागतात, एवढंच. बीजगणिताकडे असं बघायला बाईंनीच पहिल्यांदा शिकवलं होतं.

तेवढ्यात विभागप्रमुख आत आले. दाराबाहेरच्या खडूच्या पाटीवर हा तास त्यांचाच होता. बाईमाणसाच्या नावावर तास लावायची पद्धत नव्हती, म्हणून खाली बारीक अक्षरात 'मदतनीस' आणि बाईंचं नाव. शिकवत मात्र बाईच होत्या, अकरा वर्षं.

"तुमचं प्रमेय चुकलंय," सरांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "चाळीस पानं आकडेमोड केलीय मी. उत्तर वेगळंच येतंय. हे खरं निघालं तर तुमचा तास आजपासून बंद."

"आणि नाही निघालं तर?"

"तर तास तुमच्या नावावर. झालं?"

आपलं अर्ध्या पानाचं प्रमेय बाईंना घरच्या जिन्यासारखं पायाखालचं होतं. सरांची पानं चाळत त्या सतराव्या पानावर थांबल्या.

"सर, इथे गुणाकारात तुम्ही दोन अक्षरांची अदलाबदल केलीत."

"बे त्रिक सहा, तीन दुणे सहा! त्याने काय बिघडतं?"

"आकड्यांत नाही बिघडत. पण हे आकडे नाहीत ना. आधी मोजे मग बूट, आणि आधी बूट मग मोजे, सारखंच का हो सर?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. सरांनी तो गुणाकार फळ्यावर दोन्ही क्रमांनी करून पाहिला. उत्तरं वेगळी आली. मग खडू हातात तसाच घेऊन ते बाहेर गेले.

तास संपवून बाई बाहेर आल्या, तर सर पाटीपाशीच उभे. बाईंचं नाव वर, ठळक. खाली बारीक अक्षरात 'मार्गदर्शक' आणि त्यांचं स्वतःचं.

"आता तरी क्रम बरोबर आहे ना?"

बाईंना आनंद झाला आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

"अगदी बरोबर. पण सर, हे खालचं नसलं तर काही अडतं का?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी बाही पाटीला लावली.