आधी आजीचं बारसं

रेश्मानं नरसाळं राखेनं घासलं, धुतलं, हुंगलं. रॉकेलचा वास अजून होताच. तिनं ते पदराखाली घेतलं आणि ओसरीवर आली.

तिच्या बाळाचं बारसं होतं. बायका जमल्या होत्या. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला पाळणा साळूआजी म्हणायची, नात्यातली सगळी नावं गुंफून. आज मात्र घरच्याच बारशाला आजी धान्याच्या खोलीत होती.

"आत्याबाई आतच बऱ्या," रेश्माची आई लंकाबाई सासूबद्दल म्हणाली. "मागल्या बारशाला पाळणा म्हनताना माज्या मेलेल्या भावाला साखळी घिऊन बोलावलं. आज कुनाला उठवतील, कुनास ठावं."

बायका हसल्या. लंकाबाई हसली नाही.

तिचा भाऊ भिमाजी चौऱ्याण्णव साली गेला. तेरावं उरकून पुणतांब्याहून आल्यावर, चुलीत लाकूड सारता सारता, तिनं सासूला ते सांगितलं होतं. पाठीमागं बसलेल्या आजीनं मान हलवली होती. आणि वर्षभरानं आजीनं म्हटलेल्या पाळण्यात तोच भिमाजी जिवंत. म्हातारीला भ्रम झाला, असं घरानं ठरवून टाकलं. विसरणारीशी बोलायचं कशाला, म्हणून कुणी बोलेना. मग आजी खरोखरच विझत चालली. कधी वार चुके, कधी वाट.

बाळंतपणाला आलेली रेश्मा बारा दिवस आजीच्याच खोलीत निजली. बाळ उशाशी टाहो फोडी, आजी जागची हलत नसे. त्याच्या छातीवर हात पडला की मात्र लगेच म्हणे, "भुकेजलंय गं लेकरू."

रेश्मा आत गेली. आजीला हाताला धरून तिनं पाळण्यापाशी आणून बसवलं.

"रेश्मे, चार बायकांत हसं नगं करू," लंकाबाई म्हणाली.

"आधी आजीचं बारसं," रेश्मा म्हणाली. "मग माज्या लेकाचं."

नरसाळ्याचं निमुळतं टोक तिनं आजीच्या कानाशी धरलं. आत्या बाळाच्या कानाशी वाकते तशी वाकली. "कुर्रर्र..." बायका पुन्हा हसल्या. रेश्मा थांबली नाही. गल्लीत कोण जन्मलं, कोण नांदायला आलं, कोण नांदायला गेलं, एकेक नाव तिनं आजीच्या कानात घातलं. आजीचे ओठ हलू लागले. ती नावं जुळवून पाहत होती.

शेवटी रेश्मा आणखी जवळ सरकली. "आजे, भिमाजीमामा गेला. दोन वर्सं झाली."

आजी पाळण्याकडे वळली. मग तिनं दोरी हातात घेतली. आवाज कापरा होता, पण चाल चुकली नाही.

भिमाजीचा फेटा बाई, घडी घालून पेटीत
त्याचं दुपटं शिवा गं, बाळ निजू द्या मिठीत

लंकाबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आजीनं दोरी सोडली. रेश्माच्या हातातलं नरसाळं घेतलं, भिंतीला धरत धरत सुनेपाशी गेली, तिच्या पुढ्यात बसली. टोक स्वतःच्या कानात आणि पसरट तोंड लंकाबाईच्या ओठांशी.

"लंके, तुजा भाऊ गेला, आन मी तुज्यासंगं रडले बी न्हाई. कसा गेला, सांग."